थायरॉईडची गोळी वाढवूनही टीएसएच का उतरत नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजले: आईंचं वय ६१, वजन ६० किलो. थायरॉईड कमी असल्याचं निदान जुनं, मधुमेह त्यानंतरचा. गेल्या दीड वर्षात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची रोजची गोळी, ७५ मायक्रोग्रॅमवरून १०० वर आणि तिथून १२५ वर गेलं, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात चढणारं संप्रेरक) ११.८ आला. थकवा आहे, पोट साफ होत नाही, पायांना मुंग्या येतात. सकाळी साडेसहाला चहाबरोबर चार गोळ्या एकदम घेतल्या जातात: थायरॉक्सिन, पित्तासाठी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल, कॅल्शियम आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराईडची एकत्र गोळी. नाश्ता दहा वाजता. डॉक्टर आता १५० करू म्हणतात आणि तुम्हाला शंका आहे की गोळी बनावट असेल, कंपनी बदलावी.

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी माझी प्रॅक्टिस आहे आणि हीच तक्रार घेऊन माझ्याकडे नेहमी लोक येतात. गोळी बहुधा चांगलीच आहे. ती रक्तात पोहोचत नसावी. आणि १५० करण्याआधी ती का पोहोचत नाही हे शोधणं फार गरजेचं आहे, कारण न शोधता डोस चढवत गेलं तर पुढे त्रास होऊ शकतो. तो कसा, ते खाली सांगते.

आधी साधं गणित करू. थायरॉईड ग्रंथी अजिबात काम करत नसली तरी पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम पडतो. ६० किलोला तो होतो ९६. वय वाढलेल्या माणसाला बऱ्याचदा याहून थोडा कमीच पुरतो. मग १२५ घेऊनही टीएसएच ११.८ येत असेल तर ‘डोस कमी पडतोय’ हे उत्तर या आकड्यांत बसत नाही. उरतात तीन शक्यता. गोळ्या अधूनमधून चुकताहेत, घेतलेली गोळी आतड्यातून शोषली जात नाही, किंवा गोळीच खराब झाली आहे. माझ्या अनुभवात त्या याच क्रमाने आढळतात.

गोळ्या चुकतात का, हे आईंना उलटतपासणी घेतल्यासारखं विचारू नका. नवीन बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा आणि महिन्याने उरलेल्या गोळ्या मोजा. पाच-सहा जास्त उरल्या तर उत्तर मिळालंच. गावाला गेलं, लग्नकार्य आलं, एकादशीचा उपवास पडला की गोळी राहते, यात कुणाचा गुन्हा नसतो. सकाळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशी वेळ चुकली म्हणून बिघडत नाही. रोज रोज चुकीच्या पद्धतीने घेतली तर मात्र बिघडतं.

आईंच्या बाबतीत तेच होत असावं असं मला वाटतं. थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं आणि पोट अगदी रिकामं असलं तरी घेतलेल्यातलं ६० ते ८० टक्केच रक्तात उतरतं. १२५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा आठ हजारावा भाग, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका. गोळीचा आकार जो दिसतो तो बाकीच्या भुकटीचा. आता त्याच घोटाबरोबर गेलेली कॅल्शियमची गोळी पाहा. तिच्यावर ‘कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत साधारण १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. थायरॉक्सिनच्या दहा हजार पट! कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं आणि दोघं मिळून शौचावाटे बाहेर जातात. लोहाची गोळी, पित्तावरची गुलाबी-पांढरी पातळ औषधं आणि सुक्राल्फेट हे अल्सरवरचं औषध हेही असंच करतात. म्हणून यांच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर हवं. अर्ध्या तासाने काम भागत नाही.

दुधाचा चहा हाही अडथळाच. कॉफीमुळे शोषण कमी होतं हे तर नीट तपासलेलं आहे. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. पहिला चहा तासभर लांबवणं आपल्याकडे किती कठीण असतं, हे मला ठाऊक आहे. बायका घरातल्या सगळ्यांच्या आधी उठतात आणि चहा हाच त्यांचा स्वतःचा असा एकमेव निवांत वेळ असतो. तो काढून घ्या असं मी सांगत नाही. आई साडेपाचला उठत असतील तर उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी गोळी घेऊन टाकायची. त्यासाठी गोळी आणि तांब्या-भांडं उशाशी ठेवायचं.

ते जमत नसेल तर रात्री घ्यावी. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात झोपताना घेतलेल्या थायरॉक्सिनने टीएसएच सकाळच्यापेक्षा चांगला उतरल्याचं दिसलं. पण अट अशी की जेवणानंतर किमान तीन तास गेलेले हवेत. साडेसातला जेवून साडेदहा-अकराला झोपणाऱ्या घरात हे छान बसतं. साडेनऊला जेवून दहाला पाठ टेकणाऱ्या घरात अजिबात नाही. आणि पोट साफ होण्यासाठी आई रात्री इसबगोल घेत असतील तर रात्रीची वेळ सोडूनच द्या, कारण इसबगोलही ही गोळी अडवतं. तुमच्या घरी कोणती वेळ टिकेल ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर वर्षभर पाळता येईल तीच वेळ चांगली.

आता पॅन्टोप्राझोल. याचं गणित वेगळं आहे आणि इथेच सल्ला देणारे बहुतेक जण चुकतात. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं आम्ल तयार करणाऱ्या पेशींतले पंपच बंद करतात. बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो. म्हणून दिवसाला एक गोळी घेतली तरी आम्ल दिवसभर कमी राहतं. म्हणजे थायरॉक्सिन आणि पॅन्टोप्राझोल यांच्यात चार तासच काय, आठ तासांचं अंतर ठेवलं तरी हा परिणाम पूर्ण जात नाही. सगळ्यांनाच तो जाणवतो असं नाही, पण काहींचा टीएसएच यामुळे नक्की चढतो. इथे दोनच मार्ग आहेत. पित्ताच्या औषधाची खरंच गरज असेल तर ते रोज नेमाने चालू ठेवायचं आणि थायरॉक्सिनचा डोस त्यानुसार बसवायचा. गरज नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू बंद करायचं. सर्वांत वाईट म्हणजे चार दिवस घेतलं, दहा दिवस सोडलं. अशाने टीएसएच कधीच स्थिर होत नाही.

मग गरज आहे का? तुम्ही लिहिलंय की ही कॅप्सूल ‘कधीपासून चालू आहे आठवत नाही’. हे वाक्य मी रोज ऐकते. गुडघेदुखीसाठी कधीतरी वेदनाशामक गोळ्या दिलेल्या असतात, त्यांनी पोट बिघडू नये म्हणून सोबत ही लिहिलेली असते. दुखणं थांबतं, वेदनाशामक थांबतात, कॅप्सूल मात्र मेडिकलमधून दर महिन्याला येत राहते. डॉक्टरांना थेट विचारा, ‘ही कशासाठी चालू आहे आणि कधी थांबवायची?’ आई हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध घेत असतील, रोज वेदनाशामक लागत असेल, पूर्वी अल्सर किंवा रक्ताची उलटी झाली असेल, अन्ननलिकेला जखम असेल तर ती बंद करू नका. तिथे हे औषध जीव वाचवतं. यातलं काहीच नसेल तर बंद करण्याचा विचार रास्त आहे. पण एकदम सोडली तर आठ-पंधरा दिवस पूर्वीपेक्षा जास्त जळजळ होऊ शकते, कारण दाबून ठेवलेलं आम्ल उसळी घेतं. लोकांना वाटतं, बघा, गोळीशिवाय चालतच नाही, आणि पुन्हा सुरू करतात. म्हणून डोस अर्धा करून, मग एक दिवसाआड करून सोडवतात आणि मधल्या काळात जळजळ झालीच तर साधं अँटासिड देतात. तेही थायरॉक्सिनपासून चार तास दूर.

या कॅप्सूलमधला दुसरा अर्धा भाग आहे डॉम्पेरिडोन, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. हे मळमळ-उलटीचं औषध. आपल्याकडच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅमसोबत ते ३० मिलिग्रॅम असतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ सालीच सांगितलं की मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, तेही साधारण आठवडाभरच, आणि छातीतली जळजळ किंवा पोट फुगणं यासाठी ते वापरू नये. कारण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका, आणि साठीनंतर तो जास्त. तुमच्या आई ते महिनोन्‌महिने घेताहेत. पित्ताचं औषध लागणारच असेल तर निदान डॉम्पेरिडोन नसलेली साधी गोळी चालेल का, एवढं तरी पुढच्या भेटीत नक्की विचारा.

डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन हे स्तनात दूध आणणारं संप्रेरकही वाढवतं. माझ्याकडे एक तरुण मुलगी आली होती. लग्न झालेलं नाही, पाळी अनियमित आणि स्तनातून दूध यायला लागलेलं. घाबरलेल्या आईने मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी हातात धरलेली होती. पर्समध्ये कोणत्या गोळ्या आहेत ते टेबलावर ठेव म्हटल्यावर डोकेदुखीच्या पट्टीखालून हीच कॅप्सूल निघाली. हॉस्टेलच्या जेवणाने पित्त होतं म्हणून कित्येक महिने रोज चालू. ती थांबवली आणि काही आठवड्यांनी प्रोलॅक्टिन उतरलं. पोटाचं औषध आणि ग्रंथींचा आजार यांचा असा संबंध असतो, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

साखरेच्या गोळीबद्दल. मेटफॉर्मिन १९५७ पासून माणसांत वापरलं जाणारं, चांगलं औषध आहे. ते जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या घेतलं की मळमळ, पातळ शौच कमी होतं. हळू विरघळणाऱ्या प्रकारातलं असेल तर गोळीचं रिकामं टरफल शौचात दिसू शकतं. औषध आत गेलेलं असतं, घाबरू नका. आईंच्या गोळीत मात्र ग्लिमेपिराईडही आहे आणि ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, पोटात अन्न असो वा नसो. साडेसहाला गोळी आणि दहाला नाश्ता हा क्रम धोक्याचा आहे. चहा-बिस्किट म्हणजे नाश्ता नव्हे. नऊच्या सुमारास घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होतं का, ते विचारा. होत असेल तर त्या क्षणी साखर तपासा, आणि यंत्र हाताशी नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. ही गोळी पोहे-उपमा ताटात आल्यावर घ्यायची. उपवासाच्या दिवशी हिचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. थायरॉक्सिनला उपवासाची काहीच अडचण नाही, पाण्याबरोबर घेतली की झालं.

पायांच्या मुंग्यांचं कारण मधुमेह असू शकतो, पण रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासल्याशिवाय तो शिक्का मारू नये. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं. पित्ताच्या गोळ्यांनीही होतं, कारण अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला आम्ल लागतं. घरात शाकाहार असेल तर तिसरं कारण. आईंना यातली दोन तरी लागू आहेत. बी-१२ ची कमतरता भरून काढता येते, मात्र फार उशीर झाला तर नसांचं नुकसान मागे राहतं.

कॅल्शियम कार्बोनेटलाही शोषायला आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचं. पित्ताची गोळी चालूच राहणार असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं, त्याला आम्लाची गरज नाही. शिवाय कार्बोनेटने बद्धकोष्ठता वाढते. आज ते थायरॉक्सिनलाही अडवतंय आणि स्वतःही पुरतं कामी येत नाही.

थोडक्यात, डॉक्टरांना दाखवून आईंचा दिवस असा लावता येईल. उठल्या उठल्या पाण्याबरोबर फक्त थायरॉक्सिन. अर्ध्या तासाने पॅन्टोप्राझोल, ते चालू राहणार असेल तर, कारण तेही खाण्याआधी अर्धा तास घेतलं तरच नीट काम करतं. त्यानंतर अर्ध्या तासाने चहा आणि खरा नाश्ता, सोबत साखरेची गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. नाश्ता दहावरून साडेसात-आठवर आणावा लागेल, आणि त्यासाठी घरातल्या कुणीतरी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहावं लागेल.

आता ज्याबद्दल सुरुवातीला म्हटलं तो धोका. आईंचा डोस अडथळे असतानाच्या काळात चढत गेलाय. उद्यापासून वेळा सुधारल्या तर तेच १२५ मायक्रोग्रॅम पूर्वीपेक्षा बरंच जास्त शोषलं जाईल आणि गरजेपेक्षा जास्त ठरू शकेल. १५० केलं असेल तर आणखीच. साठीपुढे थायरॉक्सिन जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून वेळा बदलणार आहात हे डॉक्टरांना आधी सांगा. १५० ऐवजी आहे तोच डोस ठेवून सहा आठवड्यांनी टीएसएच पाहू या का, असं विचारा. मी असते तर हेच केलं असतं. हृदयविकाराचा काही इतिहास असेल तर कदाचित डोस आधी थोडा उतरवलाही असता, पण ते त्यांना तपासूनच ठरेल. छातीत धडधड, हात कापणं, झोप न लागणं, वजन घटणं असं काही दिसलं तर सहा आठवडे थांबू नका. पंधरा दिवसांतच टीएसएच तपासण्याचाही उपयोग नाही, तोवर तो नव्या पातळीवर स्थिरावत नाही.

तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्यायचं, गोळी नंतर. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, त्यांनी काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे खोटे येतात.

कंपनीबद्दल: कंपन्यांच्या गोळ्यांत थोडा फरक पडू शकतो, म्हणून एकच कंपनी धरून ठेवा आणि बदललीच तर सहा आठवड्यांनी तपासा. पक्क्या दुकानातून बिलासह घेतलेली, मुदतीतली गोळी बनावट असण्याची शक्यता मला कमी वाटते. खराब होण्याची शक्यता मात्र असते. थायरॉक्सिनला उष्णता, ओल आणि उजेड सोसत नाही. ‘रोज आठवण राहते’ म्हणून बाटली गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. ती बेडरूमच्या कपाटात हलवा, झाकण घट्ट लावा.

सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या नव्या गोळीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ती आपल्याकडे २०२२ पासून मिळते आणि तिलाही पूर्ण रिकामं पोट, अर्धा कप पाणी आणि पुढे अर्धा तास काहीही नाही अशी अट आहे. म्हणजे सकाळच्या त्याच वेळेवर दोन गोळ्यांचा हक्क. शिवाय ती सोबत घेतल्यास थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आधी टीएसएच स्थिर होऊ द्या, मग हा विषय काढा.

हे सगळं दोन महिने नीट पाळूनही टीएसएच चढाच राहिला तर आतड्याकडे किंवा जठराकडे पाहावं लागेल. गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सीलिॲक आजार, जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू, किंवा शरीराने स्वतःच्याच जठरावर केलेला हल्ला, या तिन्हींत थायरॉक्सिन कमी शोषलं जातं. यातला शेवटचा आजार स्वयंप्रतिकारातून होणाऱ्या थायरॉईडच्या आजारासोबत बऱ्याचदा आढळतो आणि त्यात बी-१२ ही खूप खाली जातं. म्हणून आईंचा बी-१२ चा रिपोर्ट पुढच्या टीएसएचची वाट न पाहता याच आठवड्यात करून घ्या. तो फारच कमी आला तर गोळ्यांवर न थांबता इंजेक्शन लागेल का आणि जठराची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.